पाठमोरा नायक

आपल्यापैकी बऱ्याच घरांत हल्ली एक अनोळखी माणूस मुक्कामाला असतो. तो पानावर बसत नाही, पण त्याच्यामुळे बाकीच्यांची पाने गार होतात. त्याचे तोंड क्वचितच दिसते. दिसते ती पाठ, पाठीवरची तलवार आणि चिखल तुडवत चाललेले पाय. घरातले कोणीतरी कंट्रोलर हातात घेऊन त्याला रानावनातून फिरवत असते. "आता पुरे, जेवायला चल" अशी हाक मारली की उत्तर येते, "थांब ना आई, तो जखमी आहे. त्याला गावापर्यंत पोचवते आणि येते." पाच मिनिटांनी त्याच खोलीतून किंकाळी येते, "मेले! मी मेले!" आईच्या हातून डाव खाली पडतो, आणि मग कळते की मेला तो, ही धडधाकट आहे.

घडीत 'तो' आणि घडीत 'मी' अशी जी अदलाबदल होते, तिच्यावरच या खेळांचे सारे यश उभे आहे असे आम्हाला वाटते. म्हणून या अंकात व्हिडिओ गेममधले हे नायक-नायिका जिवंत कसे वाटतात, ते तसे वाटावेत म्हणून काय काय करावे लागते, याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. खेळ चांगले की वाईट, आणि दिवसाला किती तास, हा वाद मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला होतो, तो इथे नको. ज्या वस्तूवरून भांडायचे ती आधी नीट पाहून तरी घ्यावी, एवढाच उद्देश.

प्रथमपुरुष आणि तृतीयपुरुष

आम्ही ज्या खेळांबद्दल बोलत आहोत त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात, म्हणजे भूमिका घेऊन खेळायचे खेळ. त्यात एक लांबलचक कथा असते. खेळणारा त्यातले एक पात्र आपले म्हणून घेतो किंवा स्वतः घडवतो. ते पात्र अनुभवाने शिकत जाते, आणि कोणाला मदत करायची, कोणाशी काय बोलायचे, कोणाला सोडून द्यायचे हे बऱ्याच अंशी खेळणारा ठरवतो.

कॅमेरा पात्राच्या डोळ्यांत बसवला तर आपल्याला फक्त त्याचे हात दिसतात. हा 'फर्स्ट पर्सन' खेळ. कॅमेरा पात्राच्या मागे, खांद्याच्या जरा वर ठेवला तर तो 'थर्ड पर्सन'. शाळेतल्या व्याकरणातले प्रथमपुरुष आणि तृतीयपुरुषच हे. पुष्कळसे खेळ या दोन प्रकारांचे मिश्रणही असतात, पण आजचा आमचा विषय तृतीयपुरुषाचा.

तृतीयपुरुषी खेळातली अडचण अशी की नायक डोळ्यांसमोर सतत आहे, त्यामुळे त्याचा खोटेपणाही डोळ्यांसमोर सतत आहे. त्याने आपले ऐकले नाही तर तो 'मी' होत नाही. त्याने फक्त आपलेच ऐकले तर तो 'तो' होत नाही, नुसती कळसूत्री बाहुली होते. हातातल्या बोटाला तात्काळ उत्तर देणारा, आणि तरीही स्वतःचे वजन, सवयी आणि गतायुष्य असणारा माणूस, या दोन्ही गोष्टी एकाच देहात बसवायच्या आहेत. जुन्या कथांतून परकायाप्रवेश असतो ना, तसेच काहीसे. शिरायचे तर आधी परकी काया हवी, आणि ती कोणाची तरी खरीखुरी असायला हवी.

पाठीचा अभिनय

नाटकात काम केलेल्यांना ठाऊक आहे की तालमीतला पहिला दम असतो, "प्रेक्षकांकडे पाठ करू नकोस!" इथे मात्र नायक पन्नास-पन्नास तास आपल्याकडे पाठ करूनच उभा. तेव्हा अभिनय करायचा तो पाठीनेच.

पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा 'द विचर ३' हा खेळ २०१५ साली आला. आंद्रे सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवरून घेतलेला गेराल्ट हा त्याचा नायक, पैसे घेऊन राक्षस मारणारा. पांढरे केस, पाठीवर दोन तलवारी, एक पोलादी आणि एक चांदीची. अंधारात, पावसात, मागून, लांबून, कसाही पाहिला तरी हा गेराल्ट हे क्षणात कळते. आपल्याकडे एखाद्याला आपण चालीवरून ओळखतो, 'हे तर आपले अण्णा' म्हणतो, तशी ही ओळख. नाक-डोळे नंतर, आधी बाह्यरेषा.

त्याहून कठीण म्हणजे नुसते उभे राहणे. खेळणारा पाणी प्यायला उठला की पडद्यावरच्या माणसाने काय करायचे? दगडासारखा राहिला तर तो मेलेला दिसतो. म्हणून त्याची छाती श्वासाने किंचित हलते, वजन या पायावरून त्या पायावर जाते, मान वळते. १९९१ साली सेगाच्या 'सोनिक' या धावपळीच्या खेळातला निळा साळू खेळणाऱ्याने हात थांबवला की पाय आपटत, वैतागून आपल्याकडे बघत असे. तो रोल-प्लेइंग गेम नव्हता, पण हे चित्र मुलांच्या लक्षात राहिले, कारण खेळणाऱ्याने काही सांगितले नसताना त्याने स्वतःहून काहीतरी केले.

पाय जमिनीला लागले पाहिजेत

जिवंतपणा जिथे सर्वांत आधी बिघडतो ती जागा म्हणजे पाऊल. जुन्या खेळांतून माणूस पायऱ्या चढताना एक पाय हवेत लोंबकळत असे आणि दुसरा दगडात रुतलेला असे. चालताना पाय पुढे पडत, पण माणूस बर्फावरून घसरल्यासारखा वेगळ्याच वेगाने सरके. आपल्याला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला लगेच खटकते.

यावरचा उपाय गणिताचा आहे. नेहमीची पद्धत अशी की कंबर वळवा, मग गुडघा वळवा, आणि पाऊल जिथे जाईल तिथे जाईल. उलट पद्धतीत पाऊल आधी पायरीवर पक्के ठेवायचे आणि मग गुडघा किती वाकला पाहिजे ते काढायचे. मांडीची लांबी ठाऊक, नडगीची लांबी ठाऊक, कमरेपासून पायरीपर्यंतचे अंतर ठाऊक. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू हाती आल्या की कोन काढणे आले. शाळेत पाठ केलेला कोसाइनचा नियम तो हाच. "याचा पुढे काय उपयोग?" असे विचारणाऱ्या मुलांना एक उत्तर मिळाले म्हणायचे.

हालचाल मुळात आणायची कुठून, हा दुसरा प्रश्न. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ १९८९ साली ॲपल टू कॉम्प्युटरसाठी काढला. बाजूने दिसणारा साधा खेळ, पण त्यातला राजपुत्र खरा पळे, खरी उडी मारे, कड्याला लोंबकळताना खरा धडपडे. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचे व्हिडिओ चित्रण केले होते आणि त्यातली एकेक चौकट गिरवून काढली होती. एका मुलाची धाव अशी जगभरच्या पडद्यांवर गेली.

आज अंगावर चकाकणाऱ्या बारीक गोळ्या लावून नटाला भोवतीच्या कॅमेऱ्यांपुढे चालायला लावतात आणि सांध्यांची हालचाल थेट कॉम्प्युटरमध्ये घेतात. पण एवढ्याने भागत नाही. नट सरळ चालला असेल, आणि खेळणाऱ्याने मधेच डावीकडे वळवले तर? दोन तुकडे जोडताना सांधा दिसतो. २०१७ साली आलेल्या युबिसॉफ्टच्या 'फॉर ऑनर' या लढाईच्या खेळात यासाठी एक नवी पद्धत वापरली गेली. चालणे, वळणे, थांबणे, अडखळणे यांचे भरपूर चित्रण साठवून ठेवायचे. मग खेळ चालू असताना कॉम्प्युटर सेकंदातून अनेक वेळा त्या साठ्यात शोधतो की आत्ता देह या स्थितीत आहे आणि पुढे तिकडे जायचे आहे, तर सर्वांत जवळचा क्षण कोणता? तो उचलून पुढे जोडतो. गाणाऱ्याने आधीच्या स्वरावरून पुढचा स्वर पकडावा तसे हे आहे.

बोट की पाऊल?

इथे खरा झगडा सुरू होतो. डिस्नेच्या स्टुडिओतले दोन जुने चित्रकार, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ॲनिमेशनवर एक मोठे पुस्तक लिहिले आणि त्यात बारा तत्त्वे सांगितली. त्यातले एक असे की प्रत्येक कृतीआधी तिची तयारी दिसली पाहिजे. उडी मारणारा आधी गुडघ्यात वाकतो, दगड मारणारा आधी हात मागे नेतो. ही तयारी काढून टाकली की हालचाल निर्जीव होते.

सिनेमात हे ठीक आहे. पण खेळात बटण दाबल्यावर नायक अर्धा सेकंद वाकत बसला, तर तोवर राक्षसाने त्याला खाल्लेले असते. खेळणाऱ्याला पडद्यावर उत्तर लगेच हवे असते, आणि पडदा सेकंदाला तीस किंवा साठ वेळा बदलतो. म्हणून गेम करणारे लोक बऱ्याचदा अशी तडजोड करतात: नायकाची तयारी अगदी थोडक्यात, पण वार झाल्यावर तोल सावरणे सावकाश. शत्रूचे नेमके उलट. त्याने हात मागे नेलेला आपल्याला स्पष्ट दिसला पाहिजे, म्हणजे निसटायला वेळ मिळतो.

हा झगडा किती नाजूक आहे हे गेराल्टच्याच बाबतीत दिसले. त्याला खऱ्या माणसासारखे वजन दिले होते. धावताना एकदम थांबवला तर तो दोन पावले पुढे जाई, वळताना वळसा घेई. पुष्कळ खेळणाऱ्यांनी तक्रार केली की हा जडशीळ आहे, सांगितलेले ऐकत नाही. त्याच वर्षी, २०१५ साली, कंपनीने चपळ हालचालीचा दुसरा पर्याय देऊन टाकला. ज्याला 'तो' हवा त्याने जुना ठेवावा, ज्याला 'मी' हवा त्याने नवा घ्यावा!

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने 'डार्क सोल्स' या २०११ सालच्या खेळात तडजोड न करता वजनाचाच खेळ केला. नायकाच्या अंगावरचे सामान त्याच्या ताकदीच्या पाव हिश्श्यापर्यंत असेल तर तो चटकन कोलांटी घेतो. निम्म्यापर्यंत असेल तर मध्यम. त्याहून जास्त झाले की पोते पडावे तसा धप्पकन पडतो आणि उठायला वेळ लावतो. औषधाची बाटली तोंडाला लावली की ती पिऊन होईपर्यंत काही करता येत नाही. खेळणारा चडफडतो, पण प्रत्येक पाऊल विचार करून टाकायला शिकतो. आपल्या मूर्खपणाचे ओझे आपल्याच पाठीवर दिसते, म्हणून ती पाठ आपली वाटते.

अंगावर उमटलेले आयुष्य

आम्हाला विचाराल तर जिवंतपणाची सर्वांत सुंदर युक्ती २००१ साली 'गॉथिक' या जर्मन खेळाने केली. चित्रे आजच्या मानाने ओबडधोबड. नायकाला नावसुद्धा नाही. कैद्यांच्या वसाहतीत त्याला फेकून दिलेले असते. सुरुवातीला तो एका हाताने धरायची तलवार दोन्ही हातांनी, कुऱ्हाड धरावी तशी धरतो आणि वेडेवाकडे वार करतो. मग तो कोणाकडे तरी जाऊन तलवार शिकतो. त्यानंतर पाहावे तर पकड बदललेली, पवित्रा बदललेला, वार सुटसुटीत. इतर खेळांत शिकणे म्हणजे कोपऱ्यातला आकडा वाढणे. इथे शिकलेले अंगात उतरलेले दिसते. तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाचा हात दोन वर्षांनी जसा वेगळा पडतो, तसे.

ब्रिटनमधल्या लायनहेड स्टुडिओजच्या 'फेबल' या २००४ सालच्या खेळात तर नायक लहानपणापासून म्हातारा होईपर्यंत डोळ्यांसमोर वाढतो. जखमांचे व्रण राहतात. पापे केली तर डोक्याला शिंगे फुटतात, पुण्ये केली तर डोक्याभोवती प्रभावळ येते. चित्रगुप्ताची वही कपाळावरच छापल्यासारखा हा जरा भडक प्रकार खरा, पण कल्पना मोलाची होती. आपण जे केले ते आपल्या देहावर राहते.

पुढे हीच कल्पना सौम्य झाली. गेराल्टची दाढी दिवसांगणिक वाढते आणि न्हाव्याकडे जावे लागते. २०१८ सालच्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये, ज्याची कथा १८९९ सालच्या अमेरिकेत घडते, आर्थर मॉर्गन हा दरोडेखोर उपाशी ठेवला तर वाळतो, खाऊ घातले तर अंग धरतो, चिखलात पडला तर मळलेलाच राहतो. हा काही काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग गेम नाही, पण याच जातकुळीचा. या आर्थरजवळ एक डायरी आहे. ती खेळणारा लिहीत नाही. आर्थर स्वतः लिहितो, आणि भेटलेल्या माणसांची, प्राण्यांची चित्रे काढतो. दिवसभर 'मी' म्हणून ज्याला पळवले, त्याची डायरी रात्री उघडून वाचली की कळते, याला स्वतःचे मन आहे.

नजर

पाठ वळून चेहरा समोर आला की वेगळी परीक्षा. जपानी रोबोटशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली लिहिले की कृत्रिम वस्तू माणसासारखी होत जाते तशी ती आपल्याला आवडत जाते, पण अगदी माणसासारखी होता होता, थोडेच काही चुकले, तर ती एकदम भेसूर वाटते. जत्रेतली लाकडी बाहुली गोड वाटते, मेणाचा पुतळा अंगावर काटा आणतो.

'मास इफेक्ट: अँड्रोमेडा' हा अंतराळातला खेळ मार्च २०१७ मध्ये आला तेव्हा त्याच्या पात्रांच्या काचेसारख्या डोळ्यांची आणि थिजलेल्या चेहऱ्यांची जगभर थट्टा झाली. पुढच्याच महिन्यात कंपनीला डोळे आणि ओठ सुधारून द्यावे लागले. कातडीवरचे छिद्र न् छिद्र काढले होते, घोटाळा नजरेत होता. खऱ्या माणसाचा डोळा एका जागी ठरत नाही. तो सेकंदाला दोन-तीन वेळा बारीक उड्या मारतो, पापणी लवते, आणि मान वळण्याआधी बहुधा डोळे वळलेले असतात. शिवाय संभाषणात निम्मा वेळ माणूस बोलत नसतो, ऐकत असतो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही हलले नाही की बोलणाऱ्याचे शब्दही खोटे वाटतात.

उलट 'झेल्डा' मालिकेतला 'द विंड वेकर' हा खेळ २००२ साली जपानमध्ये आला. त्यातला लिंक हा मुलगा म्हणजे सरळसरळ कार्टून, बशीएवढे डोळे. पण जवळ काही महत्त्वाचे असेल तर त्याची नजर तिकडे जाते. खेळणारा त्याच्या नजरेमागे जातो आणि तिथे काहीतरी सापडते. हे त्याने आपल्याला दाखवले, आपण त्याला नव्हे. एवढ्यावर तो जिवंत झाला.

नाव कोण उच्चारते?

पात्राला नाव देणे हा मुलांचा आवडता सोहळा, बारशाइतकाच. पण ते नाव खेळातल्या कोणी उच्चारायचे म्हटले की पंचाईत. नटांनी आवाज आधीच देऊन ठेवलेला, आणि आपल्या मुलीने नाव ठेवले मुक्ताई, ते कोण म्हणणार? कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने २००७ सालच्या 'मास इफेक्ट' मध्ये चतुराई केली. पहिले नाव तुमचे, आडनाव मात्र सर्वांचे एकच, शेपर्ड. सगळे त्याला किंवा तिला 'कमांडर' किंवा 'शेपर्ड' म्हणतात. स्त्री शेपर्डला जेनिफर हेल यांनी आणि पुरुष शेपर्डला मार्क मीर यांनी आवाज दिला. पहिल्या भागात घेतलेले निर्णय २०१० आणि २०१२ सालच्या पुढच्या भागांत बरोबर येत, त्यामुळे वाचवलेला सोबती पाच वर्षांनीही भेटे आणि गमावलेला भेटत नसे.

२०१५ सालच्या 'फॉलआउट ४' मध्ये एक यांत्रिक नोकर आहे. त्याच्या आवाजात नऊशेहून अधिक नावे आधीच भरून ठेवली आहेत. आपण ठेवलेले नाव त्या यादीत असेल तर तो ते चक्क हाक मारून घेतो. आपल्या घरातले नाव त्यात निघते का, हे ज्याने त्याने पाहावे. परदेशात शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरीच्या वेळी बाई अडखळल्या की आपल्या मुलांना ओळखीचा होतो तो क्षण इथेही असतो.

बेल्जियमच्या लारियन स्टुडिओजच्या 'बाल्डर्स गेट ३' या २०२३ सालच्या खेळात भोवतीची माणसे भरभरून बोलतात, पण आपण घडवलेला नायक संभाषणात जवळजवळ मुका असतो. आपण पर्याय निवडायचा आणि तो मनातल्या मनात आपल्याच आवाजात ऐकायचा. कोणत्या भाषेत ऐकायचा, हेही आपणच ठरवायचे.

सावळा रंग

बऱ्याच खेळांत सुरुवातीला पात्र घडवता येते, नाक, जबडा, केस, कातडीचा रंग. आपल्या घरांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. रंगाचा एक आकडा बदलून गोऱ्याचा सावळा माणूस होत नाही. सावळ्या माणसाचे तळहात उजळ असतात, कोपर आणि बोटांची पेरे गडद असतात, कपाळावर उजेडाची चकाकी ठळक उठते. गोरा चेहरा समोर ठेवून दिव्यांची योजना केली असेल, तर त्याच गुहेत आपली नायिका नुसती काळी सावली होते. ही खोड जुनी आहे. रंगीत फोटोंच्या जमान्यात कोडॅक कंपनी रंग जुळवायला प्रयोगशाळांना नमुन्याचे कार्ड देई, त्यावर बराच काळ गोऱ्या बाईचाच फोटो असे. त्या कार्डावर बरोबर आलेले रंग सावळ्या चेहऱ्याला मारक ठरत.

मुलीने खेळात पिंगट केसांचा, निळ्या डोळ्यांचा योद्धा निवडला म्हणून काळजीत पडण्याचे कारण नाही. परकायाप्रवेश आहे, काया परकी असणारच. पण एखाद्या दिवशी तिला आपल्यासारखी लांब वेणी आणि आपल्या आजीचे नाक हवे झाले, आणि ते त्या यादीत नसेल, तर मग पहिली निवडही निवड राहत नाही. म्हणून असे पर्याय असणे ही काही सजावट नाही.

पुण्याची राजी

या साऱ्याला एक आपला धागाही आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या कंपनीने 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ २०२० साली काढला. ऑगस्टमध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. हा रोल-प्लेइंगपेक्षा कसरती आणि मारामारीचा खेळ, पण थर्ड पर्सन. राजी ही कसरतीचे खेळ करणारी पोर, तिच्या भावाला, गोलूला, राक्षसांनी पळवले आहे. कॅमेरा इतका लांब की तिचा चेहरा बराच वेळ ठिपक्याएवढा. तरी ती जिवंत वाटते, कारण ती खांबाला वेढा घालून, भिंतीवरून धावून, उलटी उडी घेऊन जे काही करते ते कसरतीच्या खेळात वाढलेल्या मुलीलाच शोभेल. तिचे पूर्वायुष्य तिच्या हातापायांत आहे. आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी आपसात बोलत असतात. आपल्या नाटकातले सूत्रधारच ते. कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे, आपल्या धडपडीची चर्चा करत आहे, या जाणिवेने त्या चिमुकल्या आकृतीला वजन येते.

घरी करून पाहण्याजोगे

यातले काही खेळ मोठ्यांसाठीच आहेत. 'द विचर ३', 'रेड डेड रिडेम्प्शन २' आणि 'बाल्डर्स गेट ३' यांना अमेरिकेत १७ वर्षांवरील आणि युरोपात १८ वर्षांवरील अशी खूण आहे. डब्यावर किंवा दुकानाच्या पानावर ती पाहूनच घ्यावी. त्यानंतर मात्र खेळणाऱ्याशेजारी अर्धा तास बसावे आणि पुढील गोष्टी विचाराव्यात असे आम्ही सुचवतो.

१. हा पायऱ्या चढतो तेव्हा पाऊल पायरीवर नीट टेकते का?
२. तू काहीच केले नाहीस तर हा काय करतो?
३. हा सुरुवातीला कसा होता आणि आता काय बदलले आहे? ते आकड्यात दिसते की अंगावर?
४. याला तू दिलेले नाव कोणी उच्चारते का?
५. तू याला करायला लावलेली कोणती गोष्ट अजून तुझ्या मनात आहे?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे उत्साहाने मिळतील. ज्या मुलाला अशा प्रश्नांत रस वाटेल त्याला पुढे यात शिकण्यासारखे खूप आहे. त्रिकोणमिती लागते, चित्रकला लागते, शरीरशास्त्र लागते, नाटकाची समज लागते. 'नुसता खेळत बसतो' आणि 'यात काहीतरी करील' यांतले अंतर अशा गप्पांतूनच कळते.

पाचव्या प्रश्नाला वेळ लागेल. तो मराठीतून विचारावा आणि उत्तर मराठीतून यावे असा प्रयत्न करावा, कारण इंग्रजीत जे झाकून राहते ते मराठीत उघडे पडते. इंग्रजीत 'मी' मुलाचा की मुलीचा ते क्रियापदावरून समजत नाही. मराठीत गेराल्टला खेळवणाऱ्या मुलीला ठरवावेच लागते, 'मी त्या म्हातारीला तिथेच सोडून आलो' म्हणायचे, 'आले' म्हणायचे, की 'तो आला' म्हणायचे. जिथे ती 'आलो' म्हणते तिथे ती गेराल्ट झालेली असते. जिथे 'तो' म्हणते तिथे तिने त्याच्यापासून अंतर ठेवलेले असते. आणि 'मी सोडून आले, मला वाईट वाटले' असे म्हणाली, तर तो निर्णय तिने स्वतःच्या अंगावर घेतला आहे. तिथे तिला टोकू नये, व्याकरण सुधारू नये, पुढे विचारावे: मग काय झाले?